बंड्या, बाबांना एक फोन कर

राजेंद्रनगर, इंदूर

प्रिय बंड्या,

तब्येती सगळ्यांच्या ठीक. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर बॉर्डरवर, बस. सरळ मुद्द्यावर येतो. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो म्हणेल "मग म्हाताऱ्याला शेतावर जाऊच देऊ नका", आणि बाबांना जाऊ नका म्हणणं म्हणजे काय ते तुलाच माहितीये.

परवा संध्याकाळी सिमरोलला गेलो तर बाबा छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकावर एक पाय टेकून उभे, वीस लिटरचा कॅन छातीशी, दुसऱ्या हाताने नरसाळं धरून राहिले. वय 79. खाली शेतावरचा गडी भेरू, "बाबूजी, लाओ मैं डाल दूँ", तर त्याला म्हणतात तू बॅटरी पकड! कॅन ओतायला लागलं की सुरुवातीला गचके मारतो ना, आत हवा जायला जागा नसते म्हणून, तसा एक गचका बसला आणि डिझेल बाहीवर, तिथून बोनेटवर, तिथून ओघळून सायलेन्सरवर. रोटाव्हेटर मारून नुकताच उभा केलेला ट्रॅक्टर, सायलेन्सर तापलेला, भस्सकन पांढरा धूर. पेटलं नाही काही. डिझेल पेट्रोलसारखं चटकन पेट घेत नाही हे मलाही कळतं, पण त्या धुरात बाबा दिसेनात तेव्हा मला काही कळत नव्हतं. आणि खाली उतरून काय म्हणाले असतील? "बोनेट पुसून घे, धूळ बसेल." घरी आल्यावर आईने तो शर्ट आत घेऊच दिला नाही, अजून मागच्या दोरीवर लटकतोय.

हिशोब कर तूच. डिझेल लिटरला साधारण 830-840 ग्रॅम, म्हणजे वीस लिटरचे 17 किलो, वर कॅन. ते छातीच्या उंचीवर धरून हळूहळू ओतायचं, कारण या लहान ट्रॅक्टरांची टाकी बोनेटखाली आणि तोंड स्टिअरिंगच्या पुढे. माझ्या कंबरेला झेपत नाही तर त्यांना काय झेपणार.

मी गप्प बसलोय असं नाही. सियागंजातून 12 व्होल्टचा डिझेल पंप आणला. कॅन जमिनीवर, दोन चिमटे ट्रॅक्टरच्याच बॅटरीला, लाल प्लसला काळा मायनसला (चिमटे आधी लावायचे, टाकीचं झाकण नंतर उघडायचं, ठिणगी उडाली तर तिथे उडू नये), आणि नोझल टाकीत. उचलायचं काहीच नाही. पण हा पंप मिनिटाला 40 लिटर फेकतो आणि आपली टाकी सगळी मिळून 23 ची, त्यात डिझेलला फेस किती येतो माहितीये ना, टाकी भरली असं वाटतं तोवर फेस तोंडातून बाहेर. पहिल्याच दिवशी भेरूच्या चपला भिजल्या. बाबा लांब खाटेवर बसून बघत होते. बोलले काही नाहीत, हसले फक्त. बीजगणिताचे पेपर परत देताना हसायचे तसं, तुला तर ते जास्तच ओळखीचं आहे. आता आम्ही नोझल अर्धंच दाबतो आणि तोंडाच्या चार बोटं खाली थांबतो, सांडत नाही एक थेंब, पण ते हसणं काही पुसलं जात नाहीये.

मग म्हणाले नळी लावा आणि तोंडाने ओढा, आम्ही तसंच करायचो. पाताळपाणीच्या रस्त्यावर तू राजदूत मोटारसायकलमधून पेट्रोल ओढलं होतंस ते मला आठवलं (टाकी फुल आहे असं तूच म्हणाला होतास, मी नाही, आणि हे मी मरेपर्यंत म्हणणार). डॉक्टरांना विचारलं तर म्हणे पोटात गेलं त्यापेक्षा फुप्फुसात शिरलं तर जास्त वाईट, म्हणूनच उलटी सुद्धा काढायची नसते. आणि त्या ढाबेवाल्याने तुला मिठाचं पाणी पाजलं होतं! वाचलास भिया.

शेवटी पितळी टोकाचा सायफन पाइप आणला, आत काचेची गोळी असते, कॅनमध्ये बुडवून चार-पाच वेळा वरखाली हलवला की धार आपोआप सुरू. फक्त कॅन टाकीपेक्षा वर हवा, नाहीतर धार बंद, यावरून आपलं कॉलेजात किती वाजलं होतं आठवतं? मोटारघराच्या ओट्यावर कॅन कायमचा ठेवला, पाच-पाच लिटरचे डबे भेरू त्यात रिकामे करतो, बाबांनी ट्रॅक्टर शेजारी आणून नुसता पाइप हलवायचा. माझ्यासमोर हलवतात. मी इंदूरला परतलो की कॅन पुन्हा बोनेटवर, भेरू फोनवर सांगून राहिला होता.

गंमत म्हणजे त्यांचं म्हणणं सगळं चूक नाही. टाकी संध्याकाळीच भरायची म्हणतात, रात्री रिकाम्या टाकीत दव धरतं आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरतं, हे अगदी बरोबर. टाकी कोरडी पडली की लाइनमध्ये हवा धरते, मग मिस्त्री येऊन हवा काढेपर्यंत अख्खी सकाळ जाते, हेही बरोबर. म्हणून अंधार पडता पडता, गरम इंजिनवर, घाईघाईने भरतात. अर्धा तास थांबा म्हटलं तर म्हणतात तेवढ्यात मच्छर खातात. आता काय बोलायचं?

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे ताईकडून कळलं. मुलीला बंगलोरला नोकरी लागली म्हणे, पार्टी बाकी आहे. बडोद्याच्या फ्लॅटचं झालं का काही?

तर काम असं. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. कॅनचा विषयच काढू नकोस. त्यांना नुसतं विचार की सर, सायफन नेमका चालतो कसा, मुलीला समजावायचंय. तासभर सांगतील, आणि एकदा स्वतः सांगितलं की मग पाइप त्यांचा झाला. रविवारी दहानंतर कर, त्याआधी पोहे आणि पेपर असतो. राजदूत आणि पाताळपाणी तोंडातून निघू देऊ नकोस, त्या दिवशी आपण लायब्ररीत होतो असंच ते अजून धरून आहेत.

तुझा,
नान्या