चुंबकाचं टेबल आणि गोदावरीची काळी वाळू

प्रिय आई, बाबा,

आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते दादाला नीट कळवायला सांगा, तो फोनवर नुसतं "ठीक आहे" म्हणतो. बाबा, तुम्ही विचारलं होतंत की म्युझियममध्ये तू नक्की बनवतेस काय. फोनवर एवढं बोलणं होत नाही म्हणून लिहितेय.

सध्या चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी चुंबकाचं एक्झिबिट चाललंय. मुलांनी हात लावावा, ओढावं, आपटावं म्हणूनच इथे सगळं बनवतात आणि चुंबकाच्या बाबतीत तेच अवघड. मुलाने दोन चुंबक गिळले तर आतड्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढून धरतात, मधलं आतडं चेमटतं आणि भोक पडतं, मग थेट ऑपरेशन. म्हणून इथे खेळण्यांना नियम आहे की सुटा होणारा चुंबक 31.7 मिमी व्यासाच्या चाचणीच्या नळीत मावत असेल तर त्याचा फ्लक्स इंडेक्स, म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप, 50 च्या आत हवा. आमचं खेळणं नाहीये, पण मी तोच नियम धरलाय. मुलांच्या हातात येणारा प्रत्येक चुंबक मुठीएवढ्या लाकडी गोळ्यात बंद, आणि तोही फेराइटचा, म्हणजे स्पीकरच्या मागे असतो ना बाबा, तो काळा. निओडिमियमचा चांदीसारखा चमकणारा चुंबक खूप ताकदीचा, पण बोटं चिमटतात आणि दोन एकमेकांवर आपटले की टवके उडतात.

लोहकीस मी काढूनच टाकला, तो गंजतो आणि डोळ्यात गेला तर टोचतो. त्याऐवजी बंद टेबलात काळी वाळू. ही कल्पना माझी नाही, सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियममध्ये अशी वाळू आहे, ते 1969 साली फ्रँक ओपनहायमरने सुरू केलं, अणुबाँबवाल्या ओपनहायमरचा भाऊ. त्या वाळूत मॅग्नेटाइट असतं, ते मुळातच लोखंडाचं ऑक्साइड त्यामुळे गंजायचा प्रश्नच नाही, आणि खालून चुंबक फिरवला की कण सुरवंटाच्या केसांसारखे उभे राहून चालायला लागतात, मुलं हात थांबवतात आणि वाकून बघत बसतात.

आणि बाबा, हे मॅग्नेटाइट आपल्या नाशिकच्या काळ्या कातळातच आहे! सोमेश्वरचा धबधबा ज्यावरून पडतो तो, पांडवलेणी ज्यात कोरली तो, सगळा बेसॉल्ट, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थंड होत 580 अंशांच्या खाली आला की मॅग्नेटाइटच्या कणांनी तेव्हाची पृथ्वीच्या चुंबकाची दिशा धरून ठेवली, ती अजून तशीच आहे. 1950 च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दख्खनचे असे दगड मोजले आणि त्यावरून दिसलं की तेव्हा आपला भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. मी हे वाचून किती वेळ नुसती बसून राहिले. आपण ज्या दगडावर लहानपणी कपडे वाळत टाकायचो, त्याला माहीत होतं.

दुसरा भाग नळ्यांचा. सारख्या लांबीच्या तीन नळ्या, तांब्याची, अ‍ॅल्युमिनियमची आणि प्लॅस्टिकची, प्रत्येकीत एक निओडिमियमचा चुंबक आणि दोन्ही तोंडं पक्की बंद, मूल फक्त नळी उलटी करतं. प्लॅस्टिकमध्ये चुंबक धाडकन खाली, तांब्यात मात्र सावकाश तरंगत उतरतो. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे मुलाने आधी शेजारच्या पट्टीवर बघायलाच हवं, नाहीतर गंमतच कळत नाही. पडताना नळीत वीज तयार होते आणि ती त्यालाच अडवते, नळी जितकी जाड तितकी जास्त. तुम्ही तांबट आळीत गेलात तर जाड नळीचा तुकडा मिळतो का बघा, चिऊला दाखवायला. यावरून आमच्याकडे वाद चाललाय, काहींना प्रत्येक नळीवर कारणाची पाटी हवीय, मला नकोय. पाटी दिसली की पालक मोठ्याने वाचतात आणि मूल उलटायचं थांबतं, हे मी रोज बघते. पाटी भिंतीवर मोठ्यांच्या उंचीला, नळीजवळ एकच प्रश्न, "कोणती आधी?" बस.

आता तुमचं काम. चिऊला घेऊन सोमेश्वरला जा, पावसानंतर काठाला काळसर वाळूचे पट्टे असतात तिथे. जुन्या स्पीकरचा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूवर फिरवा, पिशवीशिवाय नको, नाहीतर कण निघता निघत नाहीत, पिशवीतून चुंबक काढला की सगळी खाली पडते. चिऊच्या हातात चुंबक एकटीला देऊ नका. अण्णाकाका बरोबर असतील तर चुंबक त्यांच्या पेसमेकरपासून लांब, शर्टच्या खिशात तर अजिबात नाही. जमलेल्या वाळूचा जवळून एक फोटो पाठवा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, तो मी टेबलाशेजारी लावणार आहे. महिनाअखेरपर्यंत मिळाला तर छापायला देता येईल.

तुमची,
मनू