दोऱ्याने मोजलेली वाट

सातारा

चि. मिहिर यास अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या तुझ्या तिकिटाची प्रत बाबांनी काल छापून आणली आणि घरात वाद सुरू झाला. तुझे विमान न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कहून रात्री साडेआठला निघून दुसऱ्या दिवशी रात्री आठला मुंबईत उतरते. परतीचे मात्र मुंबईहून रात्री एकला सुटून त्याच सकाळी साडेसहाला न्यूअर्कला पोहोचते. येताना अख्खा दिवस आणि जाताना साडेपाच तास लागतात, असा निकाल आत्यांनी देऊन टाकला. मी तीस वर्षे भूगोल शिकवला असल्यामुळे गप्प बसणे मला शक्य नव्हते.

तू येशील तेव्हा तुमचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असेल; नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमच्याकडे घड्याळे तासभर मागे जातात, म्हणून परतताना हा फरक साडेदहा तासांचा होईल. हा हिशेब केला की येताना चौदा आणि जाताना सोळा तास उरतात.

मग बाबांनी विचारले, की रस्ता तोच तर दोन तासांचा फरक का? मी माळ्यावरून शाळेतला जुना पृथ्वीगोल काढला, शिवणाच्या दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरून दुसरे न्यूयॉर्कपर्यंत ताणले. आत्यांना वाटले होते, दोरा अरबस्तान आणि आफ्रिकेवरून जाईल. तो गेला सिंध, मॉस्कोच्या आसपास, नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून. हीच सगळ्यांत जवळची वाट; अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. आमच्या गोलावर एक वीत आणि चार बोटे. मर्केटर या नकाशाकाराच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेघ दिसायला सरळ असते, पण त्या वाटेने गेल्यास सुमारे १,७०० किलोमीटर, म्हणजे ताशी नऊशेच्या वेगाने जवळजवळ दोन तास, जास्त पडतात. बाबांनी दोरा स्वतः दोनदा ताणून पाहिला, तेव्हा कुठे त्यांना पटले.

येण्या-जाण्यातल्या दोन तासांच्या फरकाचे मुख्य कारण मात्र वारा आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे झोत वाहतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोर धरतात. येताना तो वारा तुझ्या पाठीशी असतो, जाताना समोरून येतो.

शिवाय माझ्या दोऱ्याच्या वाटेने आज तुला कोणी आणणार नाही. अमेरिकी विमान कंपन्यांना रशियाचे आकाश २०२२ पासून बंद आहे आणि भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचे एप्रिल २०२५ पासून; त्यामुळे एकीला उत्तरेचा मार्ग सोडून दक्षिणेकडून यावे लागते, तर दुसरीला अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. बाबांनी घाईत तिकिटाचे पहिलेच पान छापले, त्यावर कंपनीचे नाव नाही. ते कळव, म्हणजे गोलावर टाचण्या त्याप्रमाणे टोचता येतील.

आठला उतरलास तरी सामान घेऊन बाहेर यायला साडेनऊ होतील आणि पुढे साताऱ्याचे अडीचशे किलोमीटर आहेत, जिथे वारा कोणाच्याच पाठीशी नसतो. तू पहाटे तीनला पोहोचशील असे धरून मी पिठल्याची तयारी ठेवते. भाकरी तू दारात आल्यावर थापीन.

तुझी,
आई