सांगणार सांगणार म्हणता, मग सांगा ना

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी लेखनावर एक लेख आला होता. त्यात म्हटलंय की इंग्रजी बोलणारा माणूस तोंड उघडायच्या आधीच सांगून टाकतो की आता मी काय बोलणार, आणि आपल्या मराठी माणसाला ती सवयच नाही, तो एकतर थेट घुसतो नाहीतर गोल गोल फिरत बसतो. यातलं पहिलं अर्धं पटलं, दुसरं अर्धं बिलकुल नाही, म्हणून लिहून राहिलो.

मी काही भाषेचा प्रोफेसर नाही. नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाबाहेर टेबल टाकून ३१ वर्षं टायपिंग केलं, आधी मशीनवर मग कॉम्प्युटरवर, सकाळी इंग्रजी आणि दुपारी मराठी. वकील साहेब उभ्या उभ्या डिक्टेशन द्यायचे आणि दर दोन पॅऱ्यांनी तेच, ‘कमिंग टू द सेकंड ग्राउंड’, ‘बिफोर अ‍ॅडव्हर्टिंग टू द फॅक्ट्स’, ‘अ‍ॅज शॅल बी पॉइंटेड आउट हिअरआफ्टर’, म्हणजे आता दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, हकीकतीकडे वळायच्या आधी, पुढं दाखवू त्याप्रमाणे. मला सुरवातीला वाटायचं की हे पानं वाढवायला घालतात, आपल्याला काय, पानामागं पैसे. मग एकदा एका ज्युनिअर वकिलाला पाहिलं, डबा खाता खाता ६० पानांचा निकाल पाहून राहिला होता, एक हात पोळीभाजीत आणि दुसऱ्या हातानं पानं उलटवणं चालू, आणि ‘वुई नाऊ टर्न टू द क्वेश्चन ऑफ लिमिटेशन’ दिसल्याबरोबर त्याचं बोट तिथं थांबलं. मुदतीचा मुद्दा, त्याला तेवढाच पाहिजे होता. बाकी ५५ पानं त्यानं वाचली नाहीत आणि वाचायची गरजही नव्हती. तेव्हा कळलं की हे वाक्य कशासाठी असते.

तर इंग्रजीत हे अंगवळणी पडलेलं आहे हे खरंच. त्यांच्याकडे भाषण शिकवतानाच सांगतात, आधी काय सांगणार ते सांगा, मग ते सांगा, मग काय सांगितलं ते सांगा. रिसर्च पेपरमध्ये पहिला भाग संपताना ‘पुढच्या भागात अमुक, त्याच्या पुढच्या भागात तमुक’ असं लिहितात. जॉन स्वेल्स नावाच्या अभ्यासकानं १९९० च्या पुस्तकात पेपरच्या प्रस्तावनेचा जो साचा मांडला त्यात ही घोषणा एक पायरी म्हणूनच आहे. साध्या गप्पातही तेच, ‘कॅन आय आस्क यू अ क्वेश्चन?’ अरे बाबा, विचारला ना एक! मी हसायचो यावर. पण माझ्या पोरीचं एम.ए. इंग्लिश झालंय, ती म्हणाली बाबा, शेग्लॉफ म्हणून एका अमेरिकन माणसानं १९८० साली याच वाक्यावर पेपर लिहिलाय, या वाक्यानंतर पुष्कळदा प्रश्न येतच नाही, आधी त्याची पार्श्वभूमी येते, आणि ऐकणारा मधे तोंड घालत नाही कारण त्याला माहीत असते की प्रश्न अजून यायचाय. म्हणजे आपण एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना, तसं. आणि आपण ‘काकाजी, एक विचारू का’ म्हणतो तेव्हा काय वेगळं करतो?

बरं सगळे गोरे असेच असतात असंही नाही. फिनलंडच्या अर्थशास्त्रज्ञांचं लिखाण आणि इंग्रजीवाल्यांचं लिखाण १९९३ साली अ‍ॅना मौरानेन बाईंनी ताडून पाहिलं, तर फिनिश मंडळी हे ‘आता मी पुढं असं असं सांगतो’ बरंच कमी लिहितात. म्हणून त्यांचं काही अडलं नाही.

आता आपल्याकडे नाही म्हणता ते. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा पहिलाच अध्याय काढून पहा, १५ अधिकरणं म्हणजे मोठे भाग, १५० अध्याय, १८० प्रकरणं असा हिशोब, आणि प्रकरणांची नावानिशी यादी, कुठं काय येणार ते आधीच. आणि शेवटच्या अधिकरणात ग्रंथ कसा रचायचा याच्या ३२ युक्त्या आहेत, त्यात एक आहे अनागतावेक्षण, म्हणजे ‘हे पुढं सांगणार’ असा इशारा, आणि तिची जोडीदार अतिक्रांतावेक्षण, म्हणजे ‘हे मागं सांगून झालं’. माझ्या वकील साहेबांचं ‘हिअरआफ्टर’ आणि ‘हिअरइनबिफोर’ झालं की नाही? संस्कृत सोडा, ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय सुरूच इथून होतो की तुम्ही फक्त लक्ष द्या मग सर्व सुखाला पात्र व्हाल, आणि माऊली त्याला स्वतःच प्रतिज्ञोत्तर म्हणतात. महाल भागात आमच्या घरी आजी पोथी वाचायची, अध्याय संपता संपता ‘पुढिले अध्यायीं’ आलं की आम्हा पोरांना कळायचं की उद्या काय ऐकायचंय, आणि उद्या तेच निघायचं.

मला वाटते सगळी गोम त्या ‘प्रतिज्ञा’ शब्दात आहे. पुढं काय सांगणार ते सांगितलं म्हणजे शब्द दिला. कोर्टात वकिलानं ‘आय हॅव थ्री सबमिशन्स’ म्हटलं की जजसाहेब बोटं मोजतात, दोनवरच थांबला तर विचारतात तिसरं काय झालं. आपण इंग्रजीकडून ते वाक्य तेवढं उचललं, बोटं मोजणं तिकडंच राहिलं. मोबाइलवर पहा, ‘तर मित्रांनो आजच्या व्हिडिओमध्ये आपण पाहणार आहोत’ आणि मग १० मिनिटं पाहणारच आहोत, पाहत कोणीच नाही. मागच्या महिन्यात एका सत्काराला गेलो होतो, पाहुणे म्हणाले वेळ कमी आहे, दोनच शब्द बोलतो, अन् ४० मिनिटं बोलले, तेही ‘आता शेवटचा मुद्दा’ तीनदा सांगून. बाहेर तर्री पोहे थंड झाले, तर्रीवर साय धरली होती हो!

पोरगी सध्या आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जायला लागते त्या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासला जाते. निबंध ४० मिनिटांत, कमीत कमी २५० शब्द. तिनं उड्डाणपूल पाहिजेत की बस पाहिजेत यावर लिहिलं, पहिलंच वाक्य वर्धा रोडवर सकाळी साडेनऊला स्कूटीवर अडकलेल्या एका मुलीचं. सरांनी त्यावर लाल पेननं मोठा गोल केला आणि लिहिलं, आधी ‘धिस एस्से विल डिस्कस’ लिही. तिनं लिहिलं. पुढच्या वेळी सगळ्या वर्गानं लिहिलं, ३० पोरं, ३० निबंध, एकच पहिलं वाक्य. मी तिला म्हटलं तुझ्या परीक्षेचे मार्क कशावर देतात ते तरी दाखव, तर त्यात चक्क आहे की जोडणारे शब्द यंत्रासारखे वापरले तर मार्क खाली जातात, आणि सगळ्यात वरचा ९ बँड, म्हणजे वरची श्रेणी, त्याला, ज्याचं जोडकाम वाचताना जवळपास लक्षातच येत नाही. टायपिस्ट माणसाला जे १० मिनिटांत सापडलं ते फी घेणाऱ्या सरांना काहून सापडू नये? तिला मी एवढंच म्हटलं की स्कूटीवाली मुलगी राहू दे, तिच्या खाली एका ओळीत सांग की तू बसच्या बाजूनं आहेस आणि कोणत्या दोन कारणांनी, आणि मग दोनच दे, तिसरं कितीही आवडलं तरी खोड.

आता तुमच्याकडे येतो, आणि खरंच येतो. परवा तुमच्या पहिल्या पानावर नळाच्या वेळा बदलल्याची बातमी होती, चार ओळी, खाली ‘सविस्तर पान ६ वर’. मी पान ६ उघडलं, तिथं पूर्ण पानभर फ्लॅटची जाहिरात. ५ पाहिलं, ७ पाहिलं, मिसेसनं पुरवणी झटकून पाहिली. त्या दिवशी नळ किती वाजता आला हे आम्हाला नळानंच सांगितलं. ती बातमी कुठं छापली असेल तर पान नंबर कळवा, अंक अजून रद्दीत दिलेला नाही.

आपला,
एक जुना टायपिस्ट, महाल, नागपूर