निर्वासित कुटुंबांना भेटायला जाणाऱ्या सगळ्यांसाठी आठवण

मंडळी, या आठवड्यात घरभेटी सुरू होतायत म्हणून परत एकदा सांगतेय, प्लीज शेवटपर्यंत वाचा. कुणालाही 'तिथे काय काय झालं' हे खोदून विचारायचं नाही. त्यांनी स्वतःहून सांगितलं तर शांतपणे ऐका, मधे तोडू नका, रडू आलं तर येऊ द्या. डब्ल्यूएचओने २०११ मध्ये काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या गाइडमध्येही हेच आहे, आधी बघा, मग ऐका, मग योग्य मदतीशी जोडून द्या.

आणि मुलांना दुभाषी बनवू नका!! आईच्या तोंडचं सगळं दुःख आठ-नऊ वर्षांच्या पोराने भाषांतर करून सांगायचं, हे मला खरंच बघवत नाही, त्यामुळे दुभाषी लागणार असेल तर आधीच कळवा. मुलांसाठी शाळा, खेळ, झोपेची ठरलेली वेळ एवढं नीट बसलं तरी खूप आधार मिळतो. मोठ्यांनाही नुसतं घेणारे समजू नका, कुणी शिवणकाम करत होतं, कुणी शिकवत होतं, त्यांना काय करायला आवडेल ते विचारा.

झोपच लागत नाही, जगावंसं वाटत नाही असं कुणी बोललं तर त्यांना एकटं सोडू नका, मला लगेच फोन करा, रात्री असला तरी चालेल. फोटो अजिबात नकोत.