मासे मागायला आलो, मॉस देऊन पाठवलंत

ताईंना सप्रेम नमस्कार, वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. श्रिंप, म्हणजे काचेच्या टाकीतली इवली कोळंबी, पाळणाऱ्या आणखी चारजणांच्या डोळ्यांखालून ते गेलं तर बरंच आहे.

टँकमध्ये सध्या चेरी श्रिंपची पिल्लं आहेत. जेमतेम दोन मिलिमीटरचा जीव, अंगातून आरपार दिसतं, पण घडण अगदी आईसारखी. मॉसच्या, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीच्या, काडीला धरून बसतात आणि पुढचे पाय भराभर तोंडाशी नेत राहतात, जेवायला उशीर झाल्यासारखे. त्यांच्या वरून एम्बर टेट्रा या छोट्या माशांचा केशरी घोळका फिरतो. हे दोन्ही एका काचेत नांदताना बघतो तेव्हा तुमची आठवण येते, आणि खरं सांगतो, थोडा रागही येतो. तुमच्यावर नाही. श्रिंपसोबत कोणते मासे ठेवावेत, हे तुमच्या आधी ज्यांना विचारलं होतं त्यांच्यावर.

प्रत्येकाचं उत्तर एकच: ‘छोटा मासा घ्या, काही करत नाही.’ एका विक्रेत्याने तर याच शब्दांत पी पफर गळ्यात मारला. ‘अडीच-तीन सेंटीमीटरच्या वर वाढतच नाही,’ म्हणाला. वाढत नाही, हे खरंच आहे. पण त्या इवल्या तोंडात चोचीसारखे दात असतात, गोगलगाय हे त्याचं आवडतं खाणं आणि श्रिंपही त्याला वर्ज्य नाही, हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही. त्या माशाने एकेक श्रिंप टोचून टोचून संपवली. तक्रार घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, ‘निसर्गाचा नियम आहे साहेब. आणखी श्रिंप देऊ का?’

असो. त्या पफरचाही दोष नाही, तो त्याच्या स्वभावाने वागला.

तुमच्याकडे आलो तेव्हा माशांची भलीमोठी यादी हातात होती. तुम्ही ती बाजूला ठेवून विचारलंत, ‘मोठ्या श्रिंप जगल्या म्हणजे झालं, की पिल्लंही वाढवायचीत?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. पूर्ण वाढलेली, तीनेक सेंटीमीटरची चेरी श्रिंप निऑन टेट्राच्या किंवा गप्पीच्या तोंडात मावत नाही, म्हणून लोक बिनधास्त ‘चालतंय’ म्हणतात. पण तिची पिल्लं हेच मासे टिपून टिपून खातात. मग अंड्यांनी भरलेल्या माद्या दिसत राहतात आणि पिल्लं मात्र कधीच दिसत नाहीत.

मी म्हटलं, दोन्ही हवंय. तुम्ही पेन घेतलंत. एंजलफिश, रॅम, लोच एका फटक्यात गेले. स्कार्लेट बॅडिसवर माझी फार आशा होती, दोन सेंटीमीटरचा तर मासा! तुम्ही तोही खोडलात, वर स्पार्कलिंग गोरामीही. ‘लांबी काय बघता, तोंड बघा. आणि शिकार करून खाणारा आहे का ते बघा.’ बेट्टाच्या नावासमोर नुसतं प्रश्नचिन्ह काढलंत, कारण एखादा बेट्टा श्रिंपकडे ढुंकून बघत नाही आणि दुसरा रात्रीत टँक साफ करतो. उरले ते ओटोसिंक्लस, पिग्मी कोरी, चिली रासबोरा आणि एम्बर टेट्रा. त्यातही तुम्ही खोटी हमी दिली नाहीत. पिल्लांच्या बाबतीत खरा बिनधोक तो शेवाळ खरवडणारा ओटो, पण नव्याकोऱ्या टँकमध्ये त्याची उपासमार होते. बाकीच्यांसमोर नुकतं जन्मलेलं पिल्लू आयतं आलं तर ते सोडतीलच असं नाही. आणि चिली रासबोराला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं, चेरीला थोडं जड. दोघांचं जमवताना जपून.

एवढं सांगून मासा मात्र एकही दिला नाहीत. ‘आधी श्रिंप वाढू देत, मासे पळून जात नाहीत.’

आणि मग ते मॉस. हे पत्र खरं तर त्या मॉससाठीच आहे. तुमच्या स्वतःच्या टँकमधून मूठभर जावा मॉस काढलंत. मला वाटलं पिशवीत घालून द्याल. तुम्ही पांढरं पातेलं घेतलंत, त्यात पाणी ओतलंत, चष्मा कपाळावर सारलात आणि काडी न् काडी विलग करून बघायला बसलात. मी घड्याळाकडे बघतोय आणि तुमची मान काही वर होईना. शेवटी चिमट्यात एक मळकट किडा धरून माझ्यासमोर केलात. चतुराची, म्हणजे ड्रॅगनफ्लायची, अळी. तिचा खालचा जबडा झटक्यात पुढे येऊन भक्ष्य कसा पकडतो ते सांगितलंत आणि म्हणालात, ‘ही गेली असती तर मासे निवडून काय उपयोग?’ पुन्हा पाणी बदललंत, पुन्हा पहिल्यापासून बघितलंत.

ताई, ते मॉस फुकट होतं. मी तुमचा ना गिऱ्हाईक, ना नात्यातला. ती अळी माझ्या टँकमध्ये गेली असती तर तुम्हाला विचारायला कोणी आलं नसतं. माहिती असणारी माणसं पुष्कळ भेटतात, ती ऐकवणारी त्याहून जास्त. दुसऱ्याच्या श्रिंपसाठी पातेल्यावर मान मोडून बसणारं माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. आणि त्याची कुठे वाच्यता नाही, उपकाराचा सूर नाही. वस्तू खपवून मोकळं होणाऱ्यांनी असं पातेलं एकदा घेऊन बसून बघावं.

त्या मॉसचं आता छान झुडूप झालंय. पिल्लं त्यातच लपतात आणि काड्यांवर साचलेला सूक्ष्म थर खाऊन वाढतात. कात टाकलेली श्रिंपही अंग पुन्हा कडक होईपर्यंत आत दडून बसते. मासे आणले ते श्रिंपचा कुटुंबकबिला चांगला वाढल्यावरच. अधूनमधून एखादं पिल्लू टेट्रांच्या पोटात जात असेलही, पण संख्या वाढतेच आहे. माशांचं तांब्याचा अंश असलेलं औषधही, श्रिंपला ते घातक म्हणून, तुम्ही म्हणालात तसं टँकपासून लांबच ठेवलंय.

आता एकच विचारायचंय. मागच्या काचेवर हिरवा थर चांगला धरलाय, मी तो मुद्दाम पुसत नाही. एवढ्यावर ओटोंचं भागेल का, हे तुम्ही स्वतः येऊन बघून सांगा. तुम्ही हो म्हणेपर्यंत आणत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमचा,
यादीवाला