ड्रूडचे रहस्य चित्रपटाने ‘पूर्ण’ केले नाही

महोदय,

‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ हा युनिव्हर्सलचा १९३५ मधला चित्रपट म्हणजे चार्ल्स डिकन्सच्या याच नावाच्या अपुऱ्या कादंबरीचा शेवट, असे अनेकदा छापून येते. हे दुरुस्त व्हायला हवे. डिकन्स ९ जून १८७० रोजी गेले, तेव्हा ठरलेल्या बारा मासिक हप्त्यांपैकी सहाच लिहून झाले होते. पुढचे कथानक त्यांनी लिहून ठेवलेले नव्हते. जे थोडे कळते, ते मुख्यतः त्यांचे मित्र व चरित्रकार जॉन फॉर्स्टर यांच्याकडून.

नाहीशा झालेल्या एडविन ड्रूडचा खुनी त्याचा मामा जॉन जॅस्पर, इथवर चित्रपट आणि फॉर्स्टर एकच सांगतात. फरक पुढे पडतो. फॉर्स्टर यांच्या मते ज्याच्यावर खुनाचा संशय येतो तो नेव्हिल लँडलेस हा टार्टर या माजी नौदल अधिकाऱ्याबरोबर खुन्याला पकडताना मरणार होता आणि एडविनशी साखरपुडा झालेल्या रोझाचे लग्न टार्टरशी होणार होते. चित्रपटात टार्टरच नाही. म्हणून त्याचे काम, त्याची नायिकाही नेव्हिलच्या वाट्याला येते. जॅस्परवर नजर ठेवायला आलेला पांढऱ्या केसांचा अनोळखी डॅचरीही वेष पालटलेला नेव्हिलच ठरतो. कादंबरीत हे जुळवणे कठीण आहे. नेव्हिल लंडनला स्टेपल इनमध्ये राहायला गेल्यानंतर डॅचरी जॅस्परच्या गावी, क्लॉइस्टरहॅमला उगवतो आणि थेट जॅस्परसमोर जाऊन उभा राहतो. नेव्हिलला जवळून ओळखणारा, त्याच्यावर डूख धरून असलेला जॅस्पर टोपाला फसेल? पांढऱ्या केसांखालच्या काळ्या भुवया मात्र सावळ्या लँडलेस जुळ्यांकडे बोट दाखवतात. नेव्हिलची जुळी बहीण हेलेना लहानपणी मुलाच्या वेषात घरातून पळाली होती. म्हणून तिचे नाव घेणारेही आहेत, पण सिद्ध काहीच नाही.

खरी किल्ली अंगठीत आहे. रोझाचा पालक ग्रूजियस ती एडविनला देतो. साखरपुडा मोडल्यावर एडविन रोझाला काही न सांगता ती खिशातच ठेवतो. जॅस्परला घड्याळ, साखळी आणि सदऱ्याची पिन एवढेच ठाऊक. घड्याळ आणि पिन बंधाऱ्यापाशी सापडतात. अंगठी प्रेताबरोबर राहून जाते, आणि प्रेत नष्ट करायला वापरलेल्या कळीच्या चुन्यात सोने विरघळत नाही. (प्रत्यक्षात हा चुना प्रेत खाऊन टाकत नाही, उलट कुजणे लांबवतो, पण त्या काळी समज तसा होता.) साखरपुडा आधीच मोडला होता, म्हणजे खून व्यर्थ गेला, हे कळताच जॅस्पर कोसळतो. फॉर्स्टर यांच्या मते शेवटची प्रकरणे फाशीच्या कोठडीत, खुन्याच्या स्वतःच्या कबुलीने घडणार होती.

क्लॉड रेन्सचा जॅस्पर जरूर पाहावा. अफूच्या अड्ड्यावरून उठून प्रार्थनागृहात गाणारा तो माणूस त्याने उत्तम उभा केला आहे. मात्र परिचय छापताना ‘दिग्दर्शक स्टुअर्ट वॉकर यांच्या चित्रपटाने सुचवलेला शेवट’ असे लिहावे, ‘डिकन्सचा शेवट’ नव्हे.

आपला,
एक वाचक