आजीचं गीतांचं पुस्तक

नगर, रविवार संध्याकाळ

चि. सौ. ताईस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम व अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर नातीच्या बाप्तिस्म्याचा विषय निघाला, तेव्हा तू म्हणालीस, "पप्पा, छकुलीवर काही लादायचं नाही. मोठी झाली की तिचं ती ठरवील." मी "बरं" म्हणून फोन ठेवला. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

आज उपासनेत भजन सुरू झालं आणि ख्रिस्ती भजनं लिहिणारे कवी टिळक आठवले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई काही त्यांच्यामागे गेल्या नाहीत. एवढा शब्दांचा धनी माणूस, पण घरात बायकोला श्रद्धा देता येईना. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो त्यांचं त्यांना पटल्यावर.

तेव्हा लादण्याबद्दल तुझं बरोबर आहे. लादणारा मीच होतो. बायबलचं वचन पाठ नसलं की भरल्या ताटावर तुला बोलायचो. तू नववीत असताना शेजारचं पोरगं तापानं गेलं. आठवडाभर सगळी मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करत होती. तू विचारलंस, "मग देवानं ऐकलं का नाही?" मी डाफरलो, "असं बोलू नये." तू उठून आत आजीकडे गेलीस. ती भाकरी थापत होती. बाहेर मला ऐकू आलं, "मला बी नाही कळत गं. म्या रोज भांडते त्याच्याशी." भाकरी थापायचा आवाज तेवढा थांबला नाही.

बायबलात पौल तीमथ्याला पत्रात लिहितो, तुझा विश्वास आधी तुझी आजी लोईस हिच्या ठायी होता, मग आई युनीके हिच्या. बापाचं तिथं नावसुद्धा नाही. हे वचन चर्चच्या शब्बाथ शाळेत मी कितीदा तरी शिकवलं असेल, टोचलं आत्ता.

फक्त एक. तिखट खायचं की नाही हे छकुलीच ठरवील, पण घरात कधी ठेचाच झाला नाही तर ठरवणार कशावरून?

दुपारी आजीचं 'उपासना संगीत' ट्रंकेतून काढलं. खाकी कव्हर, शिवण उसवली म्हणून गोधडीच्या दोऱ्यानं टाचलेलं. पानोपानी तेलाची बोटं. ती शाळेत दोनच वर्षं गेली होती. गीतं आधी पाठ, मग त्याच ओळींवर बोट फिरवत अक्षरं ओळखायला शिकली. एका पानाच्या कडेला पेन्सिलीनं नुसती तारीख आहे, वेडीवाकडी. ते पोरगं गेलं त्या दिवसाची. पुढं काही लिहिलेलं नाही. इतक्या वर्षांत मी ते पान कधी उघडलंच नव्हतं.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येतो. पुस्तक पिशवीत असेल. बाप्तिस्म्याचा विषय मी काढणार नाही. तुझ्या आईलाही बजावलंय, ती ऐकेल याची खात्री नाही. छकुलीच्या हातात पुस्तक देऊ नकोस, पानं सुटतील. तिला मांडीवर घेऊन मीच दाखवीन. आणि तिनं काही विचारलं, तर तू स्वयंपाकघरातून ऐक.

तुझे
पप्पा